सडकेचें मोल : खानदेशांतील रस्ते आणि मजुरांचे अपघात

धुळें शहरापाशीं भारतांतील दोन मोठ्या सडका एकमेकींस छेदून जातात. पहिली मुंबईहून निघते, कसारा घाट चढते आणि नाशिक, चांदवड, मालेगांव, धुळें, शिरपूर या मार्गानें सातपुडा ओलांडून इंदूर व आग्र्याकडे जाते. दुसरी सुरतेकडून येते आणि धुळें, पारोळें, एरंडोल, जळगांव, भुसावळ, मुक्ताईनगर अशी पूर्वेस नागपुरावरून कलकत्त्याच्या वाटेस लागते. पुष्कळ वर्षें त्यांस राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ व क्रमांक ६ म्हणत, इ. स. २०१० च्या फेरक्रमांकानें पहिलीचे ५२, ६० वगैरे तुकडे झाले आणि दुसरी ५३ झाली. सडकेचा इतिहास लिहिणारे ती केव्हां झाली, कोणाच्या अमदानींत झाली आणि तिजवर किती रुपये लागले, एवढें सांगतात. ती बांधतांना कोणाचा हात गेला, कोणाचा डोळा गेला, कोणाच्या घरचा मिळवता माणूस गेला, हा जमाखर्च सहसा कोणी मांडीत नाहीं. तो मांडल्यास दोनशें वर्षांत सडकेच्या कामांतील धोका कसा बदलत गेला व त्याविषयींची समाजाची जबाबदारी कशी हळूहळू आकारास आली, हें स्पष्ट दिसतें.

इ. स. १८१८ त खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत आला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा तेथील पहिला मुख्य अधिकारी झाला. त्या वेळीं या प्रांतांत चाकाची वाट अशी थोडीच होती. धान्य, मीठ व कापूस हीं लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जात, आणि अजिंठ्याच्या व सातपुड्याच्या घाटांतून तांड्यांच्या पायवाटाच काय त्या होत्या. पुढें लष्कर, टपाल आणि माळव्याचा माल यांच्या सोयीसाठीं मुंबई–आग्रा सडकेस महत्त्व आलें. इ. स. १८५४ च्या सुमारास सार्वजनिक बांधकामाचें स्वतंत्र खातें उभें राहिलें. इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि खानदेशच्या कापसास एकाएकीं भाव चढला. कापूस बंदरावर न्यावयाचा तर गाड्या हव्यात, गाड्या चालावयाच्या तर पक्की सडक हवी. अशा रीतीनें खानदेशांत सडकांची निकड उत्पन्न झाली.

ती निकड भागविणारीं माणसें कोण होतीं? वडार व बेलदार हे दगडाच्या कामांत मुरलेले लोक. त्यांजबरोबर सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल व पावरा, आणि ज्या वर्षीं पाऊस दगा देई त्या वर्षीं कुणब्यापासून महारापर्यंत सर्व जातींचे शेतकरी व शेतमजूर. पहार, टिकाव, घण, छिन्नी, फावडें व घमेलें हीं त्यांचीं हत्यारें. खाणींत सुरुंग लावून दगड सुटा करावयाचा, घणानें फोडावयाचा, बायकामुलांनीं बसून त्याची खडी करावयाची, डोक्यावरून ती वाहावयाची, पसरावयाची, वर मुरूम टाकून पाणी मारावयाचें आणि शेवटीं बैलांनीं ओढावयाचा दगडी रूळ फिरवावयाचा. या पद्धतींत इजा लहान पण नित्याची असे. खडी फोडतांना दगडाची कपची उडून डोळ्यांत जाई, घणाखालीं बोटें चेंगरत, न उडालेला सुरुंग पाहावयास गेलेला माणूस त्यांतच सांपडे, आणि वर्षानुवर्षें दगडाची धूळ खाऊन छाती भरून येई. या शेवटल्या दुखण्यास पुढें वैद्यकशास्त्रानें सिलिकोसिस असें नांव दिलें. पण नांव मिळण्यापूर्वींही तें वडारवस्तींत ओळखीचें होतें. या इजा बहुधा सरकारी दप्तरांत चढत नसत. मुकादमाच्या हजेरीपटावर त्या दिवशीं त्या माणसापुढें फुली पडे, एवढीच त्यांची नोंद.

मोठ्या कामांत माणसें किती लागत व किती पडत, याची कल्पना सह्याद्रींतील रेल्वेच्या कामांवरून येते. बोरघाटाचें काम इ. स. १८५६ ते १८६३ पर्यंत चाललें आणि ऐन भरांत, म्हणजे इ. स. १८६१ त, तेथें चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. खानदेशचा माल ज्या वाटेनें मुंबईस उतरावयाचा त्या थळघाटाचा रेल्वेमार्ग इ. स. १८६५ च्या आरंभीं सुरू झाला. या कामांवर सुरुंगानें, दरडींनीं व कड्यावरून पडून माणसें मेलीं. पण त्याहून कितीतरी अधिक पटकीनें आणि तापानें मेलीं. सॉलोमन ट्रेडवेल हा बोरघाटाचा कंत्राटदार इ. स. १८५९ त हिंदुस्थानांत आला आणि थोड्याच दिवसांत आजारानें वारला. त्याच्या मागें त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट तडीस नेलें. ट्रेडवेल दंपतीचें नांव इतिहासांत राहिलें, हें योग्यच झालें. त्यांच्या हाताखालीं जे हजारों मजूर त्याच घाटांत कायमचे निजले, त्यांपैकीं मात्र एकाचेंही नांव सांगतां येत नाहीं. या गोष्टींत एक धडा आहे व तो पुढें पुन्हां पुन्हां येणार आहे. बांधकामावरच्या मजुराला हत्यारापासून जितकें भय असतें, तितकेंच तो जेथें राहतो, निजतो व पाणी पितो त्या जागेपासून असतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळांनीं सडकेच्या कामाला आणखी एक रूप दिलें. इ. स. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर सरकारनें दुष्काळ-संहिता तयार केल्या आणि त्यांप्रमाणें इ. स. १८९६–९७ व १८९९–१९०० या वर्षीं मोठमोठीं कामें निघालीं. १८९९–१९०० चा दुष्काळ खानदेशास फार कठीण गेला. खडी फोडणें हें त्या कामांतील मुख्य अंग. रोजची खडी मापून त्यावर मजुरी ठरे. ज्यानें आयुष्यांत घण उचलला नाहीं असा शेतकरी, आणि उपासानें हात कांपणारी त्याची बायको, यांस एकाएकीं दगडापुढें बसविलें म्हणजे इजा कशा होत असतील, हें सांगावयास नको. तरीही येथें सुद्धां मोठा संहार केला तो छावण्यांतील पटकीनेंच.

याच काळांत परदेशांत यंत्र सडकेवर आलें होतें. इ. स. १८५८ त अमेरिकेंत एली ब्लेक यानें दगड फोडणार्‍या यंत्राचें पेटंट घेतलें. इंग्लंडांत थॉमस एव्हलिंगच्या कारखान्यानें वाफेचे रूळ इ. स. १८६५ नंतर बाजारांत आणले. नोबेलचा डायनामाईट इ. स. १८६७ चा. हीं साधनें हिंदुस्थानांत पोंचलीं, पण हळूहळू. कारण येथें माणूस यंत्राहून स्वस्त होता. वाफेचा रूळ मोठ्या शहरांत प्रथम दिसला व मग जिल्ह्याच्या सडकांवर आला. खेड्यांतील पोरें त्याच्या मागें धांवत, आणि तो इतका संथ चाले कीं त्याची कोणास भीति वाटत नसे. संथ यंत्र मनुष्यास सावध होण्यास वेळ देतें. हा गुण पुढील यंत्रांत राहिला नाहीं.

आतां इजा झालेल्या मजुराला कायद्यानें काय दिलें, तें पाहूं. इ. स. १८५५ त प्राणघातक अपघातांविषयीं एक कायदा झाला होता. दुसर्‍याच्या चुकीनें कोणी मेला तर त्याच्या वारसांस दिवाणी दावा लावतां येई. पण चूक मालकाची होती हें सिद्ध करावयाचें काम विधवेकडे असे. जिचें गांव चाळीस कोस दूर, जिला लिहितां वाचतां येत नाहीं, आणि जिचे साक्षीदार त्याच ठेकेदाराच्या हाताखालीं पोट भरतात, ती बाई दावा काय लावणार? युरोपांत जर्मनीनें इ. स. १८८४ त व इंग्लंडानें १८९७ त निराळा मार्ग काढला. त्यांचें तत्त्व असें कीं, चूक कोणाची हा प्रश्न बाजूस ठेवावा. धंदा ज्याच्या फायद्यासाठीं चालतो त्यानेंच त्या धंद्यांतील अपघाताचा भार सोसावा.

हिंदुस्थानांत हें तत्त्व इ. स. १९२३ त आलें. त्या एका वर्षांत खाणी, बाष्पपात्रें व कामगारांची नुकसानभरपाई यांविषयीं तीन कायदे झाले. पैकीं नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. कामाच्या ओघांत व कामामुळें अपघात होऊन प्रौढ कामगार मेला, तर त्याच्या आश्रितांस तीस महिन्यांचें वेतन किंवा २,५०० रुपये यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती मिळावी. कायमचा पूर्ण पंगू झाला, तर बेचाळीस महिन्यांचें वेतन किंवा ३,५०० रुपये यांपैकीं कमी ती मिळावी, असें त्यांत ठरलें. महिना पंधरा रुपये मिळविणारा माणूस मेला तर त्याच्या मागें ४५० रुपये येत. रक्कम अल्प खरी, पण ती कोणाच्या दयेची नव्हती. आणखी दोन कलमें फार शहाणपणाचीं होतीं. मृत्यूची भरपाई परस्पर घरच्यांच्या हातीं न देतां ती आयुक्ताकडेच भरली पाहिजे, म्हणजे अंगठा घेऊन शंभर रुपयांत प्रकरण मिटविलें तर तें कायद्यानें मिटत नाहीं, हें एक. आणि मजूर ठेकेदाराचा असला तरी ज्यानें ठेका दिला तो मूळ मालकही जबाबदार, हें दुसरें. मजुरानें आपला हक्क आधींच लिहून सोडून दिला असला तरी तें लिखाण निरर्थक ठरे.

या कायद्याच्या मागें लागणार्‍यांत ना. म. जोशी यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापणारे हे कुलाबा जिल्ह्यांतील गृहस्थ इ. स. १९२१ पासून पंचवीसहून अधिक वर्षें मध्यवर्ती विधिमंडळांत कामगारांची बाजू मांडीत होते, इ. स. १९२९ त व्हिटलेसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शाही मजूर आयोगाचेही ते सभासद होते. मूळच्या कायद्यांत बांधकामावरील सगळे मजूर येत नव्हते. एक मजल्याहून उंच इमारत, पन्नास फुटांहून लांब पूल, अशा मर्यादा त्यांत होत्या. सडकेवर खडी पसरणारा मनुष्य त्यांत बसत नसे. आयोगाच्या शिफारशींवरून इ. स. १९३३ त कायदा सुधारला गेला, आणि पुढें रस्ता, पूल व बोगदा यांवरील कामही त्याच्या कक्षेंत आलें. पहिल्या कायद्यांत दहा दिवसांपर्यंतच्या अंगमोडीस कांहीं मिळत नसे. १९३३ त ती मुदत सात दिवसांवर व १९५९ त तीन दिवसांवर आली. मजुराच्या हक्काची वाढ ही अशी दिवसादिवसांनीं मोजावी लागते.

सडकांच्या पैशाचा विचारही याच सुमारास झाला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्तेविकास समितीनें इ. स. १९२८ त आपला अहवाल दिला, त्यावरून पेट्रोलवरील करांतून सडकांसाठीं निधि निघाला, आणि इ. स. १९३४ त रस्ते-अभियंत्यांची परिषद स्थापन झाली. दुसर्‍या महायुद्धांत आसामच्या सरहद्दीवर लेडो सडक काढतांना अमेरिकन सैन्यानें बुलडोझर व इतर अवजड यंत्रें आणलीं. त्या सडकेवर अकराशेंहून अधिक अमेरिकन मेले अशी नोंद आहे. तेथील हिंदी व स्थानिक मजूर किती मेले याची तशी नेटकी नोंद नाहीं. इ. स. १९४३ च्या डिसेंबरांत नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व वीस वर्षांची सडक-योजना तयार झाली. यंत्रयुगाची वाट अशी मोकळी झाली.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रांत एक विलक्षण गोष्ट घडली. यंत्रें हातीं असतां सरकारनें तीं मुद्दाम दूर ठेवलीं. इ. स. १९७२–७३ च्या दुष्काळांत राज्यांतील सुमारें पन्नास लक्ष माणसें एका वेळीं सरकारी कामांवर होतीं, आणि घरोघर ‘खडी फोडावयास गेले’ हा शब्द रूढ झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा इ. स. १९७७ चा; तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खर्चाचा मोठा भाग मजुरीवर पडावा, कंत्राटदार व यंत्रें शक्य तों नसावीं, असें तिचें धोरण होतें. खानदेशांतील पुष्कळ गांवरस्ते या योजनेचे आहेत. तेथें इजा झाल्या त्या जुन्याच तर्‍हेच्या, कपचीच्या व घणाच्या. पण कामावर इजा झाल्यास उपचार व मदत देण्याचें बंधन कायद्यांतच होतें.

मोठ्या सडका मात्र निराळ्या वाटेनें गेल्या. इ. स. १९७९ त हरियाणांतील बल्लभगड येथें जे. सी. बी. यंत्रांचा कारखाना निघाला. आज खानदेशांत माती उकरणार्‍या कोणत्याही पिवळ्या यंत्रास लोक जेसीबीच म्हणतात. मोठ्या उत्खनन-यंत्रास ‘पोकलेन’ म्हणतात, आणि तें मूळचें एका फ्रेंच कारखान्याचें नांव आहे हें कोणाच्या गांवींही नसतें. धुळ्याजवळील फागणें येथून जळगांवजवळच्या तरसोदपर्यंत व तेथून मुक्ताईनगरकडील चिखलीपर्यंत महामार्गाचें चौपदरीकरण झालें, त्या वेळीं डंपर, टिपर, क्रेन, रोलर व डांबर पसरणारीं यंत्रें वर्षानुवर्षें लोकांच्या दारापुढें चालत होतीं.

या यंत्रांनीं माणसाच्या डोक्यावरचें घमेलें उतरविलें, हा उपकार लहान नव्हे. पण ओझें गेलें तरी धोका गेला नाहीं. त्यानें जागा बदलली. डंपर मागें येतांना चालकास पाठीमागचें कांहीं दिसत नाहीं. तेथें उभा असलेला माणूस दुसर्‍या यंत्रांच्या गोंगाटांत त्याचा आवाज ऐकत नाहीं. पोकलेनचा वरचा भाग गर्रकन फिरतो, तेव्हां भिंत व यंत्र यांच्या मध्यें सांपडलेला मनुष्य चिरडतो. टिपरचा हौद वर उचलला असतां विजेच्या तारेस लागला तर खालचा मनुष्य मरतो. डांबर दीडशें अंशांहून अधिक तापवावें लागतें, त्याचा एक शिंतोडा कातडी घेऊन जातो. खडी-यंत्राच्या पट्ट्यांत पदराचें टोक अडकलें तर बाईला सोडवावयास वेळ राहत नाहीं. घण मनुष्याचें बोट घेई. हीं यंत्रें मनुष्यच घेतात.

गेल्या कांहीं वर्षांतील तीन दुर्घटना यासंबंधीं फार बोलक्या आहेत. तीनही खानदेशच्या शिवेबाहेर, पण फार दूर नव्हेत असें घडल्या. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग खानदेशच्या दक्षिणेकडून जातो. त्याच्या कामावरील मजुरांस घेऊन निघालेला एक टिपर २० ऑगस्ट १९२१ नव्हे, तर आपल्याच डोळ्यांदेखत, २० ऑगस्ट २०२१ रोजीं बुलढाणा जिल्ह्यांत दुसरबीडजवळ तढेगांव येथें उलटला. त्याच टिपरांत लोखंडी सळ्या भरलेल्या होत्या आणि माणसें त्यांवर बसलेलीं होतीं. सळ्यांखालीं दबून तेरा मजूर मेले. बहुतेक परप्रांतांतून पोटासाठीं आलेले होते.

दुसरी दुर्घटना १ ऑगस्ट २०२३ च्या पहांटेपूर्वीं ठाणें जिल्ह्यांत शहापूर तालुक्यांतील सरळांबें येथें घडली. याच महामार्गाच्या उंच पुलावर तुळया ठेवणारें शेंकडों टन वजनाचें यंत्र तुळईसह खालीं कोसळलें व वीस माणसें मेलीं. याच तालुक्यांत कसारा आहे, आणि तेथूनच इ. स. १८६५ चा थळघाटाचा रेल्वेमार्ग वर चढतो. दीडशें वर्षांच्या अंतरानें त्याच डोंगराच्या पायथ्याशीं पुन्हां परगांवचे मजूर मेले. मात्र या वेळीं त्यांचीं नांवें दुसर्‍या दिवशीं वर्तमानपत्रांत आलीं. एवढा फरक पडला, आणि तो क्षुल्लक मानूं नये.

तिसरी सर्वांत हृदयद्रावक. २२ फेब्रुवारी २०२५ रोजीं, दिवस उजाडण्यापूर्वीं, जालना जिल्ह्यांत जाफराबाद तालुक्यांतील पासोडी येथें एका पुलाच्या कामावर वाळूचा टिपर आला. अंधारांत चालकानें वाळू ओतली ती मजुरांच्या पत्र्याच्या खोपटावर. आंत निजलेलीं माणसें गाडलीं गेलीं. पांच जण गुदमरून मेले. एका अल्पवयीन मुलीस जिवंत बाहेर काढतां आलें. अजिंठ्याचा डोंगर उतरला कीं पलीकडे जळगांव जिल्हा. म्हणजे ही कथा शेजारच्या अंगणांतलीच.

या तिन्ही प्रसंगांत एक समान सूत्र आहे. तढेगांवीं मनुष्य सळ्यांवर बसला होता, कारण माल व माणूस यांस एकच वाहन होतें. पासोडीस तो निजला होता, कारण त्याचें घर यंत्राच्या वाटेंतच होतें. सरळांब्यास तो काम करीत होता खरा, पण मध्यरात्रीं. पैकीं दोन ठिकाणीं तर यंत्र बिघडलें म्हणून माणसें मेलीं नाहींत. टिपरनें माल वाहिला, टिपरनें वाळू ओतली. जें त्याचें काम तेंच त्यानें केलें. बिघडली होती ती व्यवस्था. मजुरानें कोठें निजावें, कशांत बसून जावें, रात्रीं वाहन आल्यास दिवा घेऊन पुढें कोणीं उभें राहावें, याचा विचार करणारा कोणी नव्हता. बोरघाटांत माणसें घणापेक्षां छावणीनें अधिक मारलीं, तोच जुना न्याय येथें नव्या रूपांत दिसतो.

नियम नव्हते असें नाहीं. बांधकाम कामगारांसाठीं इ. स. १९९६ त संसदेनें स्वतंत्र कायदा केला व त्यांत रस्त्याचें कामही स्पष्ट घातलें. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत माती उकरणार्‍या यंत्रांस मागें येतांना वाजणारा इशारा, मागचे दिवे, दुहेरी ब्रेक व शोधदिवा असावा, असें लिहिलें होतें. पांचशें वा अधिक मजूर जेथें असतील तेथें सुरक्षा समिति व सुरक्षा अधिकारी असावा, असेंही होतें. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवून त्यांतून मजुरांच्या कल्याणाचा निधि उभारला गेला, व महाराष्ट्रांत त्यासाठीं मंडळ स्थापन झालें. मात्र त्याचा लाभ मिळण्यास बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागे. जो माणूस तीन महिने नवापुरास, दोन महिने सुरतेस व उरलेले दिवस आपल्या शेतांत घालवितो, त्यास तो दाखला कोणीं द्यावयाचा? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या आणि १९२३ व १९९६ हे दोन्ही कायदे त्यांत सामावले गेले. घर ते कामाची जागा या वाटेवरील अपघातही, कामाशीं त्याचा संबंध असल्यास, भरपाईस पात्र, असें आतां स्पष्ट शब्दांत आलें आहे.

येथें एक भेद सुशिक्षितांनीं नीट ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मोठा अपघात झाला कीं सरकार मदत जाहीर करतें. सरळांब्याच्या वेळीं राज्यानें प्रत्येक मृताच्या वारसांस ५ लक्ष व पंतप्रधानांच्या निधींतून २ लक्ष रुपये जाहीर झाले. ही मदत स्तुत्यच. पण तिचें नांव ‘सानुग्रह’ आहे, म्हणजे ती कृपा आहे. भरपाई ही कृपा नव्हे, हक्क आहे, आणि तिची रक्कम गणितानें निघते. इ. स. २०२० पासून १९२३ च्या कायद्याच्या अखेरपर्यंत जो हिशेब होता तो असा : वेतन, पण महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरावयाचें, त्याचें निम्में घ्यावयाचें, आणि वयाप्रमाणें ठरलेल्या अंकानें गुणावयाचें. तीस वर्षांच्या माणसाचा अंक २०७.९८. तेव्हां ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. महिन्याच्या आंत रक्कम न दिल्यास त्यावर शेंकडा बारा व्याज, आणि सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड. जाहीर मदतीचा आंकडा सर्वांस ठाऊक होतो. हा दुसरा आंकडा मृताच्या घरीं क्वचितच कोणी सांगतो. मग ठेकेदाराचा माणूस एखाद्या रात्रीं येतो, गाडीभाडें व दहनाचा खर्च देतो, कागदावर अंगठा घेतो, आणि ते लोक आपल्या गांवीं परततात.

हें असें कां होतें? मूळ कंत्राट एकाकडे, त्याखालीं पोटकंत्राट दुसर्‍याकडे, यंत्र भाड्यानें तिसर्‍याचें, चालक चवथ्याचा आणि मजूर पुरविणारा मुकादम पांचवा. अपघात झाला कीं प्रत्येक जण दुसर्‍याकडे बोट दाखवितो. वास्तविक १९२३ पासूनच कायद्याचें म्हणणें असें कीं, मजुरानें या उतरंडीचा शोध घेत बसूं नये. त्यानें वरच्या मालकाकडे मागावें आणि मग वरच्यानें खालच्याकडून वसूल करावें. तें कलम शंभर वर्षांचें झालें. उणीव कलमाची नाहीं. उणीव आहे ती हजेरीपटावरील नांवाची. ज्याचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं, तो कामावर होता हेंच प्रथम सिद्ध करावें लागतें. दुष्काळाच्या छावणींत फुली मारणारा मुकादम आणि आजचा नांव न लिहिणारा पोटकंत्राटदार, यांच्यांत फार अंतर नाहीं.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत जुन्या कागदांचीं दप्तरें जपून ठेवलीं आहेत. इतिहासाचार्य राजवाडे इ. स. १९२६ त त्याच शहरीं वारले. कागदावांचून इतिहास नाहीं, ही शिकवण त्यांनीं महाराष्ट्रास दिली. ती शिकवण मजुराच्या बाबतींत अक्षरशः खरी आहे. त्याच्यासाठीं कागद म्हणजे इतिहासाचेंच नव्हे, तर पोराबाळांच्या अन्नाचें साधन आहे. कामावर आलेल्या प्रत्येकाचें नांव पहिल्याच दिवशीं लिहावें. निजण्याचीं खोपटें वाहनांच्या वाटेपासून दूर, दगडी बांधाआड असावींत. मालाच्या वाहनांत माणूस बसवूं नये. आणि मागें येणार्‍या प्रत्येक डंपरपुढें दिवा व शिटी घेतलेला एक मनुष्य असावा. या चार गोष्टींस परदेशी यंत्र लागत नाहीं, कीं मोठा खर्च येत नाहीं. कोट्यवधि रुपयांच्या सडकेच्या अंदाजपत्रकांत तो खर्च शोधूनही सांपडणार नाहीं, इतका थोडा असेल.

जळगांवचीं वा धुळ्याचीं शिकलेलीं कुटुंबें आतां मोटारींतून नाशिक अगर नागपुरास पूर्वींच्या निम्म्या वेळांत पोंचतात. वाचलेल्या त्या वेळाचें मोल कोणी तरी भरलें आहे. सडकेच्या कडेला काम चालू दिसलें म्हणजे वेग कमी करणें, हें त्या ऋणाच्या फेडींतील पहिलें पाऊल. आणि आपल्या ओळखीच्या कंत्राटदारास, अभियंत्यास वा नगरसेवकास ‘येथील मजुरांचीं नांवें कोठें लिहिलीं आहेत?’ असें विचारणें, हें दुसरें. प्रश्न साधा आहे. परंतु दोनशें वर्षांत तो पुरेशा वेळां विचारला गेलेला नाहीं.